नेदरलँड्सच्या माळरानावर सिग्नल हुडकताना

द्रेंथ प्रांतात एक्स्लो नावाचं छोटं गाव आहे, त्याच्या शेजारी लोफार या, आकाशातून येणाऱ्या खालच्या फ्रिक्वेन्सीच्या लहरी पकडणाऱ्या रेडिओ टेलिस्कोपचा मधला भाग आहे, पण डिश शोधायला जाल तर एकही दिसणार नाही. साधारण माणसाच्या उंचीचे प्लॅस्टिकचे पाईप, त्यांच्या टोकावरून जमिनीपर्यंत ताणलेल्या तारा, खाली जाळी, आणि असे ९६ अँटेना एकेका स्टेशनात. लांबून बघितलं तर कोणीतरी शेतात काठ्या रोवून ठेवल्यात असंच वाटतं. सगळा डेटा फायबरने ग्रोनिंगेन शहरात जातो.

आता इतके अँटेना कशाला? तर एकाच अँटेनावर पॉवर वाढलेली दिसली की सिग्नल आला का अॅम्प्लिफायरचाच नॉईज वाढला, हे सांगता येत नाही. अँटेना अनेक असले की चित्रच बदलतं, कारण प्रत्येक रिसीव्हरचा नॉईज आपापला, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, पण लांबून आलेली लहर सगळ्यांवर पडते. म्हणून प्रत्येक जोडीचं कोरिलेशन, म्हणजे दोघांचे चढउतार किती जुळतात ते, काढून त्या आकड्यांचा तक्ता, म्हणजे कोव्हेरियन्स मॅट्रिक्स, बनवायची आणि तिच्या आयगनव्हॅल्यू (वेगवेगळ्या दिशांना किती पॉवर आहे ते सांगणारे तिचे खास आकडे) बघायच्या. नुसता नॉईज असेल तर सगळ्या साधारण सारख्या, आणि एखादा जोरदार सोर्स आला की त्यातली एक उसळून वर येते.

खरं स्टॅटिस्टिक्स त्या 'साधारण'मध्ये आहे. सॅम्पल, म्हणजे मोजणीचे नमुने, मोजकेच असतात, त्यामुळे नुसत्या नॉईजच्या आयगनव्हॅल्यूसुद्धा पसरतात, किती पसरतात ते मार्चेंको आणि पास्तुर या गणितज्ञांनी १९६७ मध्येच दाखवलंय, आणि सगळ्यात मोठीसाठी थ्रेशोल्ड, म्हणजे 'याच्या वर गेली तर सिग्नल' ही रेषा, कुठे ठेवायचा ते ट्रेसी-विडम डिस्ट्रिब्यूशनवरून (नुसत्या नॉईजमध्ये सगळ्यात मोठी आयगनव्हॅल्यू कशी पसरते ते सांगणाऱ्या सूत्रावरून) ठरवता येतं. मला सगळ्यात भारी वाटते ती रेशोची आयडिया, म्हणजे मोठीला बाकीच्यांच्या सरासरीने भागायचं, मग नॉईज नक्की किती हे माहीत नसलं तरी अडत नाही. फक्त आधी कॅलिब्रेशन, म्हणजे सगळ्यांची मोजमापं एका पातळीवर आणणं, हवं, कारण सगळे रिसीव्हर सारखे नसतात. शिवाय इतक्या खालच्या फ्रिक्वेन्सीला आपली आकाशगंगाच एवढी गोंगाट करते की तीही कोरिलेशनमध्ये उतरते.

त्यात माणसाचा गोंगाट वेगळाच. एफएम रेडिओचा पट्टा तर लोफारने सरळ सोडूनच दिलाय. २०२३ मध्ये इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंक उपग्रहांच्या इलेक्ट्रॉनिक्समधून नकळत गळणारं रेडिएशन लोफारवर पकडलं गेलं, २०२४ च्या पेपरात नव्या पिढीचे उपग्रह रेडिओमध्ये ३२ पटीपर्यंत जास्त प्रखर निघाले. हे वाचून मला खरंच काळजी वाटते.

आणि हो, आपल्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी हा रेडिओ टेलिस्कोप आहे, ४५ मीटरच्या ३० डिश, तिथेही गोंगाटाशी हीच झुंज चालते. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन असतं, पोरांना घेऊन नक्की जा.