परसबागेची फेरमांडणी : आधी ऊन वाटून घेतलं, मग फरशी

मागचं परस म्हणजे आजवर नुसता चौकोन होता. मध्ये हिरवळ, तीन बाजूंनी कुंपण आणि एक नळ. आता तिथे निवांत बसता यावं, चार माणसं बोलावता यावीत आणि भाज्याही निघाव्यात, असं डोक्यात आहे. आखणी, फरसबंदी आणि दोन वाफे झालेत. मांडवाचे खांब उभे राहिलेत, वेल मात्र अजून कुंडीतच आहे.

आखणीत सगळ्यात जास्त वेळ उन्हानं खाल्ला. वरच्या खिडकीतून दर दोन तासांनी फोटो काढले आणि सावल्या नकाशावर उतरवल्या. माणसांना नि टोमॅटोला एकच कोपरा आवडतो, हे तिथेच कळलं. टोमॅटो, मिरची, वांगी यांना सहा ते आठ तास थेट ऊन लागतं. पालेभाज्या तीन-चार तासांतही भागवतात. टेबलाभोवती आपण बसणार बहुतेक दुपार कलल्यावर. आमच्या घराची सावली दुपारनंतर परसात सरकत जाते, म्हणून बैठक दारालगत आणि वाफे पार टोकाला. ट्रे घेऊन अख्खी बाग ओलांडायची वेळही त्यामुळे टळते. एकाच ऋतूतल्या फोटोंवर मात्र विसंबू नका. भर उन्हाळ्यातल्या आणि ऐन हिवाळ्यातल्या माध्यान्हीच्या सूर्यात सुमारे ४७ अंशांचा फरक असतो. आज उन्हात असलेला वाफा हिवाळ्यात दिवसभर सावलीत जाऊ शकतो.

बैठकीची जागा चुन्याच्या फक्कीनं आखली आणि फरशी आणण्याआधी टेबल-खुर्च्या तिथे मांडून पाहिल्या. चौघांसाठी ३ × ३ मीटर पुरतं असं म्हणतात. पण खुर्ची मागे सरकवून उठायचं, त्यात कुणीतरी मागून जायचं, तर तेवढ्यात कोंडी होते. मी ३.६ मीटर घेतले.

उताराचं काम सगळ्यात किचकट, आणि मला विचाराल तर सगळ्यात मोलाचंही. घरापासून बाहेरच्या बाजूला दर ६० ला १ असा उतार ठेवला, म्हणजे ३.६ मीटरला ६ सेंटिमीटर. डोळ्यांना जाणवत नाही, पाण्याला बरोबर कळतो. खुंट्या, दोरी आणि पाणसळ एवढ्यावर भागलं. खाली १० सेंटिमीटर खडी, दोन थरांत, प्रत्येक थर वेगळा ठोकून. त्यावर वाळूचा पातळ थर. एकदम ओतलेली खडी वरून घट्ट वाटते, आत पोकळच राहते आणि पुढे फरशी डुगडुगते. भिंतीत ओल रोखणारा थर असेल, तर फरशी त्याच्या निदान १५ सेंटिमीटर खाली हवी.

वाहून येणारं पाणी फुलझाडांच्या पट्ट्यात मुरणार आहे. तिथे फूटभर खोल खड्डा करून पाण्यानं भरला, ते जिरल्यावर पुन्हा भरला आणि पातळी मोजली. तासाला अडीच सेंटिमीटरच्या पुढे उतरली. निचरा ठीक आहे.

वाफे १२० सेंटिमीटर रुंद, म्हणजे दोन्हीकडून हात मधोमध पोचतो आणि माती तुडवली जात नाही. मधली वाट ९० सेंटिमीटर, ढकलगाडीसाठी. तळाची हिरवळ खणली नाही. वर चिकटपट्ट्या काढलेले पुठ्ठे अंथरून ओले केले आणि त्यावर माती नि कंपोस्ट भरलं. गवत खाली गुदमरतं, पुठ्ठा गांडुळं संपवतात. कडेला जुने रेल्वे स्लीपर छान दिसतात खरे, पण त्यांत बहुधा क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवणारं विषारी डांबरी तेल, मुरलेलं असतं. भाज्यांशेजारी ते नकोच.

आता दिवे. १२ व्होल्टचे, २७०० केल्विनच्या आसपासच्या पिवळसर प्रकाशाचे आणि तोंड खाली असलेले. झाडांवर खालून झोत टाकायची हौस मला नाही.

मांडवावर पानझड होणारीच वेल हवी : उन्हाळ्यात सावली, हिवाळ्यात ऊन. विस्टेरिया देखणी, पण तिचं खोड जाडजूड होत जातं नि खांबांना आवळतं. माझा कल द्राक्षवेलीकडे आहे. पिकलेली फळं फरशीवर पडतील, गांधीलमाश्या येतील, म्हणून घड टेबलाच्या डोक्यावर न ठेवता कडेच्या बाजूलाच राखेन. छाटणी वेल सुप्तावस्थेत असतानाच. उशीर केला की कापातून रस ठिबकत राहतो, आणि खाली टेबल आहे.