एड शीरनच्या गावचा किल्ला आणि आतलं भलतंच घर

लंडनबद्दल लिहीत नाही, त्यावर लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय. लिहायचंय ते फ्रॅमलिंगहॅमबद्दल. इंग्लंडमध्ये सफोक परगण्यातलं तीन-चार हजार वस्तीचं गाव, गायक एड शीरन इथं लहानाचा मोठा झाला. गावात रेल्वे नाही. जवळचं स्टेशन विकम मार्केट, आणि तेसुद्धा विकम मार्केटमध्ये नाही, कँप्सी ॲश नावाच्या खेड्यात आहे! तिथून टॅक्सी. सोबत इप्सविचला राहणारी माझी मावसबहीण, नर्स आहे, आदल्या रात्रीची नाइट ड्युटी करून आलेली. टॅक्सीत बसल्या बसल्या सुरू, "अगं, मला झोपू द्यायचं सोडून इथं काय बघायला आणलंस?"

किल्ल्याखालच्या हिरवळीवर बरीच गर्दी होती आणि सगळे 'कॅसल ऑन द हिल'वाले, म्हणजे याच किल्ल्यावरच्या शीरनच्या गाण्यापायी आलेले. एका ग्रुपने माझ्या हातात फोन दिला आणि बेसूर गात परत परत व्हिडिओ काढायला लावला, मी पण काढत बसले. ते गाणं २०१७ चं, तिसऱ्या अल्बममधलं. माझा शीरन म्हणजे २०११ मधला, नारिंगी कव्हरच्या 'प्लस'मधला. वीस वर्षांचा पोरगा, पहिलाच अल्बम, सप्टेंबरमध्ये आला तो ब्रिटनमध्ये थेट एक नंबरवर, पहिल्या आठवड्यात लाखावर कॉपी खपल्या. त्याआधी हा शाळा सोडून लंडनला गेलेला, गिटार आणि लूप पेडल (वाजवलेलं-गायलेलं परत परत ऐकवणारं यंत्र) घेऊन मिळेल त्या पबात गायचा, ओळखीच्यांच्या सोफ्यावर झोपायचा. गेल्या वर्षी, २०२५ च्या जानेवारीत, तो पुण्यात यश लॉन्सला आला तेव्हापासून आपल्याकडे सगळेच फॅन झालेत, पण या अल्बमबद्दल कुणी बोलत नाही याचा मला खरंच राग येतो.

किल्ला म्हणजे तेरा बुरूज आणि त्यांना जोडणारी भिंत. भिंतीवरून चालता येतं, वारा प्रचंड. बुरुजांवरची विटांची धुराडी बहुतेक खोटी आहेत, नुसती शोभेला. १५५३ मध्ये आपण राणी झाल्याची बातमी मेरी ट्यूडरला इथंच मिळाली. म्हणून वाटतं आत महालबिहाल असणार, तर आत आहे गरिबांचं घर! सतराव्या शतकात रॉबर्ट हिचम नावाच्या वकिलाने किल्ला विकत घेतला आणि मृत्युपत्रात लिहून ठेवलं की आतलं सगळं पाडा आणि गोरगरिबांसाठी घर बांधा. महाल गेला, घर उभं राहिलं. ताई ती माहिती वाचत बराच वेळ थांबली, मग म्हणाली, "हिवाळ्यात आमच्याकडे कॅज्युअल्टीत येतात ना असे, औषध-पट्टी झाली तरी बसून राहतात. जायला जागाच नसते, मग आम्ही पण उठवत नाही."

मग मी तिला 'द ए टीम'बद्दल सांगितलं. 'प्लस'मधलं पहिलं सिंगल. शीरन अठरा-एकोणीस वर्षांचा असताना बेघरांच्या शेल्टरमध्ये गायला गेला होता, तिथं ऐकलेल्या गोष्टींवरून लिहिलेलं. नशेत अडकून रस्त्यावर आलेल्या मुलीचं गाणं, चाल इतकी गोड की लोक डोलतात आणि शब्द ऐकतच नाहीत, आणि तरी चार्टवर तीन नंबरला गेलं. पदार्पणाला प्रेमगीत सोडून हे पुढे करायला हिंमत लागते. शेल्टर लंडनचं, त्याचा या घराशी काही संबंध नाही, मला माहितेय. पण पोरं खाली बसून ज्या किल्ल्याचं गाणं गातात त्याच्या पोटात हे घर आहे, आणि आत यायचं तिकीट महाग म्हणून बरेच जण बाहेरूनच परत जातात, हे काही मला पटलं नाही.

परतीची टॅक्सी मिळेना. दोन ठिकाणी फोन केला, दोघांनी दीड तास सांगितला. शेवटी भाऊजी गाडी घेऊन आले, बिचारे काही बोलले नाहीत. गाडीत मी 'प्लस' लावला. 'द ए टीम' ताईने पूर्ण ऐकलं, परत लाव म्हणाली. बाकीचा अल्बम मात्र तिला अजिबात आवडला नाही, "हा मधेच रॅपसारखं भराभरा काय बोलतो गं, कळत नाही काही," म्हणे, आणि इप्सविच येईपर्यंत आमचं त्याच्यावरून भांडण चाललं होतं.