‘पुट’ डोकं खायलंय

मराठीत एक ‘वर’ हाताशी असला की बरंच भागतं. प्रेम कुणावर तरी बसतं, राग कुणावर तरी निघतो, विश्वास ठेवायचा तोही कुणावर तरीच, आणि किराणा दुकानातली उधारीही कुणाच्या तरी नावावर चढते. इंग्रजीत मात्र प्रत्येकाचा सवतासुभा. ‘लव्ह’ला मध्ये कुणी चालत नाही, थेट माणूस. रागाला ‘विथ’ नाहीतर ‘ॲट’ लागतं. भरवशासाठी ‘रिलाय’ घेतलं तर ‘ऑन’ पाहिजे, ‘ट्रस्ट’ घेतलं तर त्याच्यावाचूनही चालतं. म्हणून तर आपल्याकडचा चांगला शिकला-सवरलेला माणूसही ‘ही इज अँग्री ऑन मी’ म्हणून मोकळा होतो. बिचाऱ्यानं राग मराठीतच धरलेला असतो. लग्नाचंही तेच. आपण कुणाशी तरी लग्न करतो, म्हणून तोंडात ‘मॅरिड विथ’ येतं. तिकडं ‘मॅरिड टू’. आणि आपण चर्चा कशाविषयी तरी करतो, म्हणून ‘डिस्कस’च्या मागं ‘अबाउट’ लावल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही.

माझा भाचा परभणीत बँकेच्या परीक्षांची तयारी करतो. उन्हाळ्यात बहिणीकडं गेलो तेव्हा तो मांडी घालून बसला होता, पुढ्यात दोनशे पानी वही, पानाला मधोमध उभी घडी. डावीकडं इंग्रजी, उजवीकडं मराठी. पुट ऑन, घालणे. पुट ऑफ, पुढे ढकलणे. पुट आउट, विझवणे. पुट अप विथ, सहन करणे.

“मामा, हे ‘पुट’ डोकं खायलंय,” तो म्हणाला. “‘ऑन’ म्हणजे घालायचं, तर ‘ऑफ’ म्हणजे काढायचं पाहिजे का नाही? इथं शर्ट घालायलो अन् लग्न पुढं ढकलायलो!”

पोराचं काही चुकत नव्हतं. दिवा ‘टर्न ऑन’ होतो आणि ‘टर्न ऑफ’ही होतो, शर्ट मात्र ‘पुट ऑन’ केला तरी उतरवताना ‘टेक’ला बोलवावं लागतं. पण माझ्या मते निम्मा दोष त्या गाईडांचा आहे. ती सगळे ‘पुट’ एका रांगेत उभे करतात, आणि रांगेत उभे केले की ते एकसारखे दिसायला लागतात. बोलताना असे रांगेनं कधी येतात का? ‘पुट ऑफ’ येतं ते परीक्षा, मीटिंग, नाहीतर लग्न हाताशी धरून. वहीत तसंच लिहावं. सुटं क्रियापद पाठ केलं की ते सकाळी पाठ, संध्याकाळी सपाट.

हे गाऱ्हाणं जुनंच आहे म्हणा. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली इंग्रजीचा मोठा शब्दकोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच नोंदवून ठेवलं की क्रियापदामागं बारका शब्द जोडून अर्थ फिरवायची ही रीत परक्यांना सगळ्यांत अवघड जाते. त्यांच्या उदाहरणांत ‘फॉल ऑन’ म्हणजे हल्ला करणे, असं एक आहे. ते आपल्याला कळायला हरकत नाही, आपणही शत्रूवर तुटून पडतोच. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र छापात आणलं लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी, १९२५ साली. म्हणजे मधली १७० वर्षं लोक बिननावाचाच वैताग करत होते.

खरी गंमत ‘इट’ आल्यावर होते. ‘टर्न ऑफ द फॅन’ चालतं, ‘टर्न द फॅन ऑफ’ही चालतं. पण फॅनच्या जागी ‘इट’ आलं की ‘टर्न इट ऑफ’ एवढंच. ‘टर्न ऑफ इट’ नाही म्हणायचं. (परभणीत मे महिन्यात पंखा बंद करायची भाषा कोण करतंय, ते सोडा.) भाच्यानं लगोलग हाच नियम ‘लुक आफ्टर’ला लावून ‘लुक हिम आफ्टर’ केलं. ते मात्र चालत नाही. ‘टर्न ऑफ’मधला ‘ऑफ’ क्रियापदाचा, म्हणून नामाला ओलांडून पलीकडं जाऊ शकतो. ‘आफ्टर’ पुढच्या नामाला बांधलेला. आपल्या शब्दयोगी अव्ययासारखाच, फक्त आपलं नामाच्या मागून येतं आणि त्यांचं आधी.

पण त्यांना हसण्याआधी आपलं डोकं तपासावं. एखादी गोष्ट डोक्यात शिरली तर कळली, डोक्यात गेली तर राग आला, डोक्यावरून गेली तर काहीच कळलं नाही. पोरगं डोक्यावर बसलं तर लाडावलं, पोरांनी घर डोक्यावर घेतलं तर दंगा, आणि लोकांनी पुढाऱ्याला डोक्यावर घेतलं तर कौतुक. अंगाचं तर विचारूच नका: खाल्लेलं अंगी लागतं, केलेलं अंगाशी येतं, काम अंगावर पडतं. ‘त्याच्याशी बोललो’ म्हणजे गप्पा, ‘त्याला बोललो’ म्हणजे झाडलं. यातलं काहीही आपण वहीत लिहून घेतलेलं नाही.

त्यात आपला मराठवाडा. पुण्यात ‘जेवायला’ म्हटलं की पुढं ‘चला’ नाहीतर ‘बसा’ येणार, असं ऐकणाऱ्याला वाटतं. परभणीचा माणूस फोनवर ‘जेवायलो’ एवढंच म्हणतो, तेव्हा घास तोंडात असतो. लातूरकडं गेलात तर ‘काय करलालास?’ ऐकायला मिळेल.

बाकी इंग्रजीची ही क्रियापदं आपण केव्हाच घरात घेतली आहेत, पण नामं करून. दवाखान्यात चेकअप, कॉलेजात ब्रेकअप. काम करायला आपले ‘करणे’ नि ‘होणे’ आहेतच, त्यामुळं ‘इट’ कुठं बसवायचं ही कटकटच नाही. फॉर्म ब्रिटनमध्ये ‘फिल इन’ करतात, अमेरिकेत ‘फिल आउट’, आणि आपण सोयाबीनचं पोतं भरावं तसा ‘फिल अप’ करतो. इंग्रज माणूस नाम म्हणताना ‘पिक’वर जोर देतो आणि क्रियापद म्हणताना ‘अप’वर. आपल्याला कशाला तेवढा जोर लावायचा? मोंढ्यात माल आणणारी गाडी ती पिकप, आणि गाडीनं ओढ घ्यावी तोही पिकप. जिंतूरकडच्या चढावर भरलेल्या गाडीनं मान टाकली, तेव्हा ड्रायव्हर उतरून म्हणाला, “काय सांगू साहेब, पिकपला पिकपच राहिला नाही.”