खडबडीत दगडी भिंतीवर पितळी अक्षरे बसवताना

एका लहान गावातील ग्रंथालयाच्या दर्शनी भिंतीवर ‘सार्वजनिक ग्रंथालय’ ही पितळी अक्षरे बसवण्याचे काम मी गेल्या महिन्यात पूर्ण केले. भिंत काळ्या पाषाणाची, टाकीने ढोबळ घडवलेल्या दगडांची; तिच्या उंचवट्यांत आणि खोलगट जागांत काही ठिकाणी ३५ मिलिमीटरचा फरक होता. भिंतीवर सपाट पत्रा ठोकून त्यावर अक्षरे चिकटवावीत, अशी सूचना आधी पुढे आली होती. दुकानांवर मराठी पाट्या ठळकपणे दिसाव्यात म्हणून २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, याचे मला मनापासून समाधान आहे. परंतु त्यानंतर माझ्या पाहण्यातल्या काही सुंदर दगडी भिंती अशाच पत्र्यांखाली झाकल्या गेल्या. अक्षरे स्टडवर, म्हणजे त्यांच्या पाठीला जोडलेल्या आटेदार सळ्यांवर, उभी केली तर दगडही दिसतो आणि नावही वाचता येते.

सपाट भिंतीसाठी अक्षरे कारखान्यातून स्टड लावूनच येतात आणि सोबतच्या कागदी साच्यावरून भोके पाडली की काम होते. खडबडीत भिंतीवर हा क्रम उलटा करावा लागतो. कागद उंचवट्यांवर सुरकुततो आणि भोके सरकतात; शिवाय आधीच ठरवलेला स्टड नेमका दोन दगडांमधल्या दरजेत येऊ शकतो, जिथला जुना चुना बोटानेही भुगा होतो. म्हणून मी प्रथम पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर ताणून प्रत्येक दरज आणि प्रत्येक तडा त्यावर उतरवून घेतला, त्याखाली अक्षरांचे पूर्ण आकाराचे रेखाटन सरकवले आणि स्टड कुठे यावेत हे त्यानंतरच ठरवले.

देवनागरीत हे काम अधिक जोखमीचे होते, कारण शिरोरेषा कोणतीही चूक लपू देत नाही. रोमन लिपीत एखादे अक्षर दोन मिलिमीटर पुढे आले तरी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे मात्र संपूर्ण शब्द एका रेषेला टांगलेला असतो, त्यामुळे ती रेषा एका पातळीत नसेल तर रस्त्यावरूनही खटकते. ‘सार्वजनिक’ हा शब्द आम्ही सुमारे दीड मीटर लांबीचा एकच अखंड तुकडा म्हणून कापला होता. एवढे पितळ ३० अंश सेल्सिअसने तापले तर जवळजवळ ०.८५ मिलिमीटरने वाढते आणि पाषाण तेवढा वाढत नाही. म्हणून मधले स्टड इपॉक्सीने, म्हणजे घट्ट होऊन कडक बसणाऱ्या चिकटद्रव्याने, पक्के केले आणि दोन्ही टोकांच्या स्टडांना, किंचित हालचालीस वाव राहावा यासाठी, न्यूट्रल सिलिकॉन, म्हणजे सुकल्यावरही लवचिक राहणारे आणि आंबट वास नसलेले चिकटद्रव्य, वापरले. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन पितळ काळवंडवते. ते येथे वापरू नये.

भोके पाडण्यासाठी कागदाऐवजी प्लायवुडचा साचा केला आणि लाकडी पाचरी ठोकून तो ओळंब्यात उभा केला. उतरत्या दगडावर ड्रिलचे टोक घसरते, म्हणून प्रत्येक खुणेवर छिन्नीने लहानशी सपाट जागा करून, आधी बारीक भोक पाडून मगच ते मोठे केले. प्रत्येक भोक ५० मिलिमीटर खोल आणि स्टडपेक्षा दोन मिलिमीटर रुंद ठेवले. भोकातली भुकटी फुंकून, ब्रशने घासून पुन्हा फुंकल्याशिवाय इपॉक्सी भरू नये. ती भुकटीलाच चिकटते आणि स्टड हाताने ओढला तरी बाहेर येतो. कोकणातल्या जांभ्याच्या चिऱ्यात आतल्या पोकळ्यांमुळे इपॉक्सी भलतीकडे वाहून जाते, तिथे आधी जाळीची नळी घालावी लागते.

अक्षरांची पातळी भिंतीने नव्हे, नळीच्या तुकड्यांनी ठरवली. सर्वांत पुढे आलेल्या दगडापासून १५ मिलिमीटर अंतर सोडून आडवी दोरी ताणली, तिच्यापासून प्रत्येक भोकापर्यंतचे अंतर मोजले आणि त्या मापाचा पितळी नळीचा वेगळा तुकडा प्रत्येक स्टडवर ओवला. या मापनातच एक दिवस गेला, आणि तो दिवस वाचवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

स्टडही पितळीच घेतले. काही वर्षांपूर्वी एका कामात मी लोखंडी सळ्या वापरल्या होत्या. दोन पावसाळ्यांत अक्षरांखाली तांबूस ओघळ उतरले आणि गंज फुगून एका दगडाची कपची निघाली. ती कपची परत बसवता आली नाही.

‘ग्रं’वरचा अनुस्वार हा एकच सुटा तुकडा होता. बोरूच्या वळणाचा, चौकटच्या आकाराचा तो ठिपका एका स्टडवर ठेवला असता तर कालांतराने फिरून तिरका झाला असता, म्हणून जेमतेम ४० मिलिमीटरच्या त्या तुकड्याला दोन बारीक स्टड लावले आणि शिरोरेषा दोरीशी ताडून पाहिल्यावर सर्वांत शेवटी तो बसवला.