फोटोत चेहरा नाही, तरीही

मी जीएनएमच्या (नर्सिंग आणि प्रसूतिसेवेच्या पदविकेच्या) मुलींना मेडिकल-सर्जिकल नर्सिंग शिकवते. टाळेबंदीत वर्ग मोबाइलवर आले. टाळेबंदी उठली, पण केस प्रेझेंटेशन मोबाइलवरच राहिलं. सकाळी वॉर्डातल्या पोस्टिंगवर काढलेला बेडसोअरचा (फार काळ पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमेचा) फोटो दुपारी वर्गाच्या ग्रुपवर येतो. "मॅडम, चेहरा घेतलेला नाही," असं मुली सांगतातही.

चेहरा नसतो, पण कडेला केसपेपर असतो, त्यावर नोंदणी क्रमांक. म्हाताऱ्या बायकांच्या हातावर नाव गोंदलेलं असतं, गावातलं कुणीही ओळखेल. व्हिडिओ असला तर मागे नातेवाइकांचं बोलणं ऐकू येतं.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती कशी हवी ते सांगितलंय: स्वेच्छेची, नेमक्या कारणापुरती, समजावून घेतलेली, शिवाय कधीही मागे घेता येणारी. हे सगळं आमच्या वॉर्डात कसं व्हायचं? सरकारी दवाखान्यातली आजी "काढा की बाई" म्हणते, कारण नाही म्हटलं तर उद्या ड्रेसिंग नीट होणार नाही अशी तिला धास्ती असते. त्या होकाराला मी स्वेच्छा म्हणू शकत नाही. आणि तिनं नंतर नको म्हटलं, तरी वर्गातल्या प्रत्येकीच्या फोनमध्ये गेलेला फोटो परत कोण आणणार?

काही वॉर्डांत तर जास्तच जपायला हवं. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार आपल्या भरवशावर असलेल्या रुग्णाचं एचआयव्हीचं निदान त्याच्या लेखी संमतीशिवाय उघड करता येत नाही. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 24 मध्ये गोपनीयतेच्या हक्कात डिजिटल स्वरूपात साठवलेल्या माहितीचाही उल्लेख आहे.

रुग्णाच्या माहितीबाबत कायदा असा कडक, पण पुस्तकांच्या बाबतीत तो शिक्षकाशी बराच उदार आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शिकवण्यासाठी सवलत आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं 2016 मध्ये दिल्ली विद्यापीठातल्या पुस्तकांच्या झेरॉक्सच्या खटल्यात ती मान्य केली. म्हणून अख्खं पुस्तक यूट्यूबवर टाकावं असा मात्र त्याचा अर्थ नाही.

माझ्या वर्गात आता जखमेचा फोटो चालत नाही. लांबी, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये लिहायची, स्लफ (जखमेवरचा मृत पेशींचा थर) किती, स्राव कसा, वास आहे का, आणि आकृती हातानं काढायची. मुली जखम जास्त नीट बघू लागल्यात. कॉलेजकडे मी लेखी नियम मागितलाय: वर्गाचं रेकॉर्डिंग कुणाकडे राहणार, किती दिवसांनी पुसणार, आणि तक्रार आली तर ट्यूटरच्या पाठीशी कोण उभं राहणार.