मूर पार्क: चेंडू पानांत, कॅडी पुण्यात

लंडनच्या वायव्येला रिकमन्सवर्थजवळचा मूर पार्क गोल्फ क्लब. ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर या दिवसांत जाणार असाल तर शरद ऋतूच्या फोटोंना भुलू नका. डझनभर चेंडू बॅगेत टाका, आणि पिवळे अजिबात नकोत. ओक आणि 'लाइम' (लिंबू नव्हे, लिंडेन) झाडांच्या पिवळ्या पाचोळ्यात पिवळा चेंडू दिसतच नाही. गडद गुलाबी बरा.

पुण्या-मुंबईच्या खेळाडूंची खरी पंचाईत इथेच होते. आपल्याकडे चेंडूवर नजर बॅग उचलणारा कॅडी ठेवतो. इथे बॅग, बंकरमधल्या वाळूवर रेक फिरवणं, उखडलेली गवताची ढलपी जागेवर बसवणं, सगळं तुमच्याकडे. फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याच्या) कडेला पडलेला, अगदी सरळ मारलेला चेंडूही हरवतो. शोधायला तीनच मिनिटं. नाही सापडला तर एका शॉटची पेनल्टी घेऊन मागच्या जागेवरून पुन्हा मारायचा. 'पानांत गेला असणार' म्हणून फुकट सुटका हवी असेल तर तसा लोकल रूल (त्या कोर्सचा खास नियम) लागू असावा लागतो. स्कोअरकार्डाची मागची बाजू पहिल्या टीवरच (सुरुवातीच्या जागी) वाचा. जरा शंका आली तरी पुढे जाण्याआधी 'प्रोव्हिजनल' (तात्पुरता चेंडू) असं मोठ्याने म्हणून दुसरा चेंडू मारा.

पाचोळा चाळताना चेंडू चुकून हलला तर पेनल्टी नाही, जागेवर ठेवा. पण सापडल्यावर शेजारचं पान उचललंत आणि तो हलला, तर एक शॉट गेला. चिखलात स्वतःच्याच खड्ड्यात रुतला असेल तर रफमध्येही (फेअरवेबाहेरच्या उंच गवतात) सुटका मिळते: चेंडूच्या लगेच मागच्या जागेपासून एका क्लबच्या (काठीच्या) लांबीत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून ड्रॉप, म्हणजे हातातून सोडायचा.

ओल्या जमिनीवर चेंडू पुढे घरंगळत नाही, थंडीत उडतोही कमी. नेहमीपेक्षा एक पायरी लांब मारणारा क्लब घ्या, दोन पायऱ्याही चालतील.

बुकिंग थेट क्लबकडे करा. खासगी क्लब आहे, हँडिकॅपचा (तुमच्या खेळाची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा) पुरावा जवळ असू द्या. इथे हॅरी कोल्टने आखलेले दोन कोर्स आहेत, हाय आणि वेस्ट. मध्यस्थाच्या पॅकेजवर नुसतं 'मूर पार्क' लिहिलं असेल तर कोणता ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. नाव ज्याच्यामुळे आहे तो हाय, वेस्ट आखूड. आदल्या दिवशी फोन करून तीन गोष्टी विचारा: बॅग ओढायच्या ट्रॉलीला बंदी आहे का, बगी (मैदानावरची छोटी गाडी) चालू आहे का, ग्रीन (होलभोवतीचं बारीक गवत) तात्पुरत्या आहेत का. ट्रॉलीला बंदी असेल तर बॅग खांद्यावर, म्हणून सात-आठच क्लब आणि स्टँडची हलकी बॅग. तात्पुरत्या ग्रीनवर पूर्ण फी देणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा.

जायला बेकर स्ट्रीटहून लंडन मेट्रोची मेट्रोपॉलिटन लाईन. अक्सब्रिजची गाडी पकडू नका, ती हॅरोनंतर वेगळीकडे वळते. वॉटफर्ड, अ‍ॅमरशॅम, चेशॅम चालतील.

क्लबहाउस म्हणजे अठराव्या शतकातला महाल. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, नेदरलंड्समधल्या अर्नहेमच्या हवाई मोहिमेची आखणी इथे झाली. छत बघण्यासारखं आहे, पण खेळून झाल्यावर. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो आणि अठरा होलना चार तास लागतात, पाचोळ्यात जास्तच. अकरानंतरची टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) स्वस्त मिळाली तरी घेऊ नका; शेवटचे दोन होल अंधारात राहतात.