तुम्ही 2009 साली कुठल्या रस्त्यावर राहत होता?

संक्रांतीची हळदीकुंकवं आटपली की इथे न्यू जर्सीत आमच्या गप्पांचा विषय बदलतो. "तुमचा डब्ल्यू-टू आला का?", "तुमचा सीपीए किती घेतो?" हेच सुरू. (डब्ल्यू-टू म्हणजे वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कंपनीचा कागद, सीपीए म्हणजे इथला सीए.) मग मार्चमध्ये कधीतरी सीपीएची ईमेल येते: रिटर्न तयार आहे, दोघांनी सही करा.

ही सही म्हणजे फॉर्म 8879. तुमच्या वतीने रिटर्न ऑनलाइन भरायची परवानगी त्यात तुम्ही सीपीएला देता. एकूण उत्पन्न, कर, कापलेला कर, परतावा असे मोजकेच आकडे त्यावर असतात. गंमत म्हणजे हा कागद आयआरएसकडे, म्हणजे इथल्या आयकर खात्याकडे, जातच नाही. सीपीएने तो तीन वर्षं जपून ठेवायचा आणि मागितला तरच दाखवायचा. जॉइंट रिटर्न असेल तर नवरा-बायको दोघांची सही लागते, बायको एक डॉलर कमावत नसली तरी.

समोरासमोर बसून सही केली तर सीपीए ओळखपत्र बघतो आणि विषय संपतो. घरबसल्या लॅपटॉपवर करायची, तर ती करणारे तुम्हीच आहात हे आधी सिद्ध करावं लागतं. त्यासाठी स्क्रीनवर प्रश्न येतात. हे प्रश्न तुमच्या क्रेडिट रिपोर्टमधून (म्हणजे तुमच्या कर्जांच्या आणि कार्डांच्या नोंदींतून) आणि सरकारी नोंदींमधून काढलेले असतात. खालीलपैकी कुठल्या रस्त्यावर तुम्ही राहिला आहात? कुठल्या कंपनीकडून गाडीचं कर्ज घेतलं होतं? प्रत्येकाला चार-पाच पर्याय आणि शेवटी "यांपैकी काहीच नाही". कोपऱ्यात वेळ उलटा मोजला जात असतो. (क्रेडिट स्कोअरला यानं काही होत नाही. आमच्या ग्रुपवर दरवर्षी कुणीतरी घाबरून विचारतं, म्हणून सांगितलं.)

नवऱ्याला पहिलाच प्रश्न आला: 2009 साली तुम्ही कुठल्या रस्त्यावर राहत होता? पर्याय सगळे टेक्ससमधले. 2009 साली हा सांगलीत कॉलेजच्या होस्टेलवर होता. टेक्ससमध्ये त्याच्याच नावाचा, त्याच्याच आडनावाचा कुणीतरी बऱ्याच वर्षांपासून राहतो, घर-गाडी बाळगून आहे आणि त्याची पत्रं अधूनमधून आमच्याकडे येतात. आपल्याकडे जोशी, कुलकर्णी, पाटील मोजके थोडेच आहेत! नवऱ्याने ठामपणे "यांपैकी काहीच नाही" निवडलं, पुढचे दोन-तीन प्रश्न खरोखर त्याचेच होते, आणि तो सुटला.

मग माझी पाळी. मला प्रश्नच आले नाहीत. "आपली ओळख पडताळता आली नाही", एवढं एक वाक्य. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

कारण कळायला वेळ लागला नाही. मी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आले, तेव्हा माझ्याकडे होता फक्त नऊपासून सुरू होणारा आयटीआयएन नावाचा नंबर, तोही कर भरण्यापुरता. वर्क परमिट आणि त्यासोबत सोशल सिक्युरिटी नंबर (इथे ओळखीसाठी सगळीकडे लागतो तो) फार उशिरा मिळाला. गाडीचं कर्ज नवऱ्याच्या नावावर, विजेचं बिल त्याच्या नावावर, फोनचा प्लॅन त्याच्या नावावर. त्यात माझ्या पासपोर्टवर "गिव्हन नेम"च्या रकान्यात माझं नाव आणि नवऱ्याचं नाव जोडून आलंय. त्यामुळे एका ठिकाणी माझं मधलं नाव आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही, आणि तिसऱ्या ठिकाणी मी चक्क नवऱ्याच्या नावाने वावरते. भाजी मी आणते, मुलाच्या शाळेत मी जाते, लायब्ररीत मला नावाने ओळखतात. पण कुणाचं देणं लागत नाही, म्हणून यंत्राच्या लेखी मी नाहीच.

हे सगळं सुरक्षिततेसाठी आहे म्हणे. 2015 मध्ये आयआरएसच्याच साइटवरून चोरांनी असल्याच प्रश्नांची बरोबर उत्तरं देऊन लोकांची जुनी रिटर्न्स पळवली. अशा 7 लाखांहून जास्त करदात्यांची माहिती चोरांच्या हाती लागली असावी, असा आकडा आयआरएसने पुढच्या वर्षी दिला. 2017 मध्ये लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या इक्विफॅक्स या क्रेडिट ब्युरोतूनच जवळजवळ 14.7 कोटी लोकांचा तपशील चोरीला गेला. म्हणजे उत्तरं चोरांकडे आहेत, आणि मी मात्र बाहेर.

आमचा सीपीए गुजराती, मला भाभी म्हणतो. त्याला फोन केला तर हसला. "भाभी, टेन्शन मत लो. प्रिंट निकालो, पेन से साइन करो, स्कॅन भेज दो." हा नियमच आहे: तीन प्रयत्नांत ओळख पटली नाही तर हाताने सही करायची. आणि हाताने सही करणाऱ्याला प्रश्न नाहीत! स्कॅन करून पाठवलं तरी चालतं. लायब्ररीत प्रिंट काढली, तिथल्याच दोरी बांधलेल्या पेनने सही केली आणि फोनवर स्कॅन करून धाडली.

जुलैत बाबांचं भारतातलं रिटर्न मी इथूनच भरून देते, तेव्हा याच्या अगदी उलट. त्यांचा आधारला जोडलेला फोन सातारला, मी लॅपटॉपसमोर, व्हिडिओ कॉल चालू. ओटीपी पंधरा मिनिटं टिकतो आणि त्यातली पाच बाबांच्या शंकेत जातात: "बँकवाले सांगतात ओटीपी कुणालाही देऊ नका. तुला दिला तर चालतो ना?" तिथे फोन हातात असला की माणूस खरा. ही पद्धतही फार भक्कम आहे असं नाही, पण निवृत्त शिक्षकाला कर्ज नाही म्हणून ती अडवत तरी नाही. भरल्यापासून तीस दिवसांत पडताळणी करायची, एवढंच लक्षात ठेवायचं.

इथे नव्याने आलेल्या बायकांना माझं सांगणं आहे: एखादं क्रेडिट कार्ड, एखादं बिल स्वतःच्या नावावर घ्या. आणि सगळीकडे नाव अक्षरन् अक्षर एकसारखं लिहा. तोवर सीपीएला मार्चमध्येच सांगून ठेवा की माझी सही पेनने होईल. 15 एप्रिल ही शेवटची तारीख, तिच्या आदल्या आठवड्यात तो फोन उचलत नाही. फॉर्म 4868 भरून 15 ऑक्टोबरपर्यंत मुदत वाढवता येते, पण ती रिटर्नची. कर भरायचा असेल तर तो एप्रिलमध्येच भरावा लागतो.